ड्रोनची फवारणी आणि वाऱ्याचा हिशेब

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी उंच वाढलेली, पाठीवर पंप, आणि त्या दाटीत शिरलेल्या माणसाच्या अंगावर, नाकातोंडात औषध जात होतं. ड्रोनमुळे वेळ आणि मजुरी वाचते, हे खरंच. पण माझ्या मते त्याची खरी कमाई ही की, माणूस त्या विषारी तुषारांतून बाहेर येतो.

10 लिटरची टाकी घेतलेला ड्रोन साधारण 7 ते 10 मिनिटांत एक एकर फवारतो. माणसाला शिरायला जागा नसलेल्या वाढलेल्या उसावर तर त्याचा उपयोग विशेष. पिकाच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटर वर तो उडतो. तरंगत राहण्यासाठी त्याचे पंखे हवा जोरात खाली ढकलतात आणि हाच झोत तुषारांनाही पिकात दाबतो. पानं हलतात, उलटतात, त्यामुळे मावा-तुडतुडे दडतात ती खालची बाजूही काही प्रमाणात भिजते. मात्र ड्रोन फार वेगात पळवला, की झोत मागे कलतो आणि तुषार वरच रेंगाळतात.

पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोनला 10 लिटर पुरतं. एकरी औषधाची मात्रा मात्र तेवढीच राहते, म्हणजे द्रावण पंधरा-वीस पट तीव्र होतं. एवढ्या कमी पाण्यात सगळं पीक झाकायचं, म्हणून थेंब बारीक करावे लागतात. थेंबाचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच पाण्यात आठपट थेंब होतात. पण 100 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम पाव मीटर खाली येतो. पंख्यांच्या झोतातून तो निसटला, तर तीन मीटर उतरायला त्याला दहा-बारा सेकंद लागतात. ताशी 10 किलोमीटरचा वारा तेवढ्यात त्याला 30 मीटरवर, शेजाऱ्याच्या बांधापलीकडे नेऊन टाकतो.

तिथे तुतीची लागवड असली, तर कीटकनाशकाचा अंशसुद्धा रेशीम अळ्यांचा जीव घेऊ शकतो. मराठवाड्यात अनेक गावांत कपाशीला लागूनच तुती उभी असते. मधमाश्यांचंही तेच. आणि टाकीत औषध ओतणाऱ्याचा धोका तर वाढतोच, कारण त्याच्या हातात तीव्र द्रावण असतं.

महिला बचत गटांना 15,000 ड्रोन देणारी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना केंद्राने 2023 मध्ये मंजूर केली. ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये मदत त्यात आहे. गावातल्या बाईच्या हाती हे यंत्र येणं मला फार मोलाचं वाटतं. पण उडवण्याच्या प्रशिक्षणाइतकंच थेंबांचं आणि वाऱ्याचं शिक्षणही तिला मिळायला हवं.

तुमच्या शेतात ड्रोन बोलावाल तेव्हा एकरी दर विचारण्याआधी चालकाचं प्रमाणपत्र पाहा आणि ते औषध ड्रोनने फवारायला मान्यता आहे का, याची खात्री करा. टाकी भरणाऱ्याला हातमोजे आणि मास्क द्या. शेजाऱ्याला आदल्या दिवशी कळवा. आणि वारा सुटला असेल, तर त्या दिवशीची फवारणी रद्द करा.