घरच्या घरी कोवळी भाजी : आधी गिऱ्हाईक, मग पेरणी

मुंबईच्या बाजारात मुळांसकट बांधलेल्या बारीक मेथीच्या चिमुकल्या जुड्या वर्षानुवर्षे विकल्या जात आहेत. वाळूत वाढविलेली ही समुद्र मेथी म्हणजे, आज ज्यांना मायक्रोग्रीन्स म्हटले जाते, त्यांची जवळची नातलगच होय. बी उगवून पहिली दोन दले हिरवी झाली की रोप बुडाशी कापावयाचे व कच्चेच खावयाचे, एवढाच या नव्या नावाचा अर्थ. पूरक उत्पन्नाचे साधन म्हणून महिला बचत गटांत या भाजीविषयी विचारणा होते, तेव्हा तिच्या दोन्ही बाजू सांगणे आवश्यक ठरते.

लागवड अवघड नाही. तळाला भोके असलेला उथळ ट्रे घेऊन त्यात दोन-तीन सेंटिमीटर ओलसर कोकोपीट पसरावे. त्यावर बी दाट, परंतु एकावर एक पडणार नाही असे पेरून दोन-तीन दिवस झाकून ठेवावे व नंतर उजेडात आणावे. मुळा व मोहरी सुमारे सात ते दहा दिवसांत काढणीस येतात. वाटाणा व सूर्यफूल यांचे बी आधी भिजवावे लागते आणि त्यांना काही दिवस अधिक लागतात. अति ओल आणि कोंदट हवा यांमुळे बुरशी येते. पावसाळ्यात तिचा उपद्रव विशेष. मुळांवरील पांढरी लव मात्र बुरशी नव्हे. पाणी शिंपडताच ती दिसेनाशी होते. हा फरक ठाऊक नसल्याने चांगले ट्रे टाकून दिले जातात.

बियाण्याबाबत तडजोड नको. पेरणीसाठी मिळणाऱ्या बियाण्यास पुष्कळदा बुरशीनाशक लावलेले असते. ते येथे कदापि वापरू नये. टोमॅटो व वांगी यांची रोपेही खाण्यास अयोग्य होत. जर्मनीत २०११ साली दूषित मोडांमुळे पन्नासहून अधिक माणसे दगावली व संशयाची सुई मेथीच्या बियांकडे वळली. मायक्रोग्रीन्समध्ये बी व मूळ खाल्ले जात नाही हे खरे. तरीही भाजी कच्ची खावयाची असल्याने स्वच्छ पाणी व धुतलेले हात यांना पर्याय नाही.

खरी अडचण विक्रीची आहे. कापलेली भाजी थंड ठेवूनही थोडेच दिवस टिकते आणि तिचे गिऱ्हाईक प्रामुख्याने मोठ्या शहरांतील उपाहारगृहे व काही कुटुंबे हेच असते. त्यांना ठरल्या दिवशी, ठरलेला माल हवा असतो. म्हणून गटाने आरंभी मांडण्या व दिवे यांवर खर्च करू नये. दोन ट्रे वाढवून नमुना दाखवावा आणि नियमित मागणी मिळाल्यावर काढणीच्या दिवसापासून मागे मोजून पेरणीचा वार ठरवावा. हिशेबात बी, डबे, प्रवासभाडे, वाया गेलेले ट्रे आणि घरच्या बाईचे श्रमही धरावेत. हे शेवटचे नेमके विसरले जाते. शहरापासून दूरच्या गावी साधी मेथी-कोथिंबीरच अधिक पैसे देईल, हे ग्रामपंचायत सदस्यांनी स्पष्टपणे सांगावे.

शहर जवळ असेल तर न कापता ट्रेसह भाजी पोहोचविणे सोयीचे. रिकामा ट्रे पुढच्या खेपेस परत आणावा व धुऊन, उन्हात वाळवूनच पुन्हा वापरावा.