गाडी घेण्याआधी कागद वाचा

ऊस कारखान्याला गेला, बिल बँकेत जमा झाले, द्राक्षाचे पैसे हाती आले, की आपल्या पलूस भागात घरोघरी एक विषय निघतो. "यंदा गाडी काढायची." डेअरीला दूध घालायचे असते. मुलाला कॉलेजला जायचे असते. रानात दिवसाच्या दोन खेपा होतात. गाडीची गरज असते आणि गरजेची वस्तू घ्यावी, त्यात वावगे काही नाही.

पण वर्षभर राबून मिळवलेला पैसा एका दिवसात मोजून द्यायचा असतो. तो कशाकशाचा दिला, हे घरी आल्यावर सांगता आले पाहिजे. पुष्कळांना ते सांगता येत नाही. "सगळे मिळून एक लाख दहा हजार झाले," एवढेच ते म्हणतात. "सगळे मिळून" हे दोन शब्दच महागात पडतात. आज आपण ते सुटे करून पाहू.

बैलाचा सौदा आणि गाडीचा सौदा

बैल घेताना आपण कसे वागतो? खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायचा, तर चार दावणी फिरतो. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. मगच भावाला हात घालतो. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असे आपण करीत नाही.

मग गाडीच्या दुकानात शिरल्यावर आपली बोलती का बंद होते? काचेचे दार असते, थंड हवा असते, कोणी पाण्याचा पेला पुढे करतो. आपल्याला वाटते, इथे भाव करणे बरे दिसणार नाही. तसे काही नाही. दुकान ते दुकान. विचारणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होई. तो घेणाऱ्याला आणि दलालालाच कळे. गाडीचा सौदा झाकून करायचा नसतो. तो कागदावर, ओळीवर ओळ लिहून घ्यायचा असतो. या कागदाला कोटेशन म्हणतात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा हा कागद तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे.

एका किमतीत चार वाटण्या

समजा, एका मोटारसायकलीचे कोटेशन असे आहे. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

गाडीची किंमत (एक्स-शोरूम) : ८५,००० रुपये
कर व नोंदणी : १०,२०० रुपये
विमा : ७,००० रुपये
हँडलिंग चार्ज : १,५०० रुपये
सीट कव्हर, गार्ड, साडीगार्ड इत्यादी : ३,८०० रुपये
रंगावर कोटिंग : १,२०० रुपये
वाढीव वॉरंटी : १,००० रुपये
एकूण : १,०९,७०० रुपये

पहिल्या तीन ओळींची बेरीज करा. १,०२,२०० रुपये होतात. खालच्या चार ओळींचे ७,५०० रुपये होतात. आता एकेक वाटणी पाहू.

पहिली वाटणी : गाडी. एक्स-शोरूम किंमत म्हणजे जी.एस.टी. धरून गाडीची किंमत. हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून कमी झाला आहे. ३५० सी.सी. पर्यंतच्या मोटारसायकलीवर आधी २८ टक्के होता, तो १८ टक्के झाला. कर सोडून गाडी ७०,००० रुपयांची असेल, तर पूर्वी ती ८९,६०० रुपयांना पडे, आता ८२,६०० रुपयांना पडते. म्हणून त्याआधीचा भाव कोणी सांगितला, तर तो धरून बसू नये. चालू महिन्याचा भाव विचारावा. कंपनीची काही सूट चालू आहे का, हेही विचारावे.

दुसरी वाटणी : सरकार. रस्त्याचा कर आणि नोंदणीची फी यात येते. आपल्याकडे याला पासिंग म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या गाड्या सांगलीच्या परिवहन कार्यालयात नोंदल्या जातात आणि त्यांना एम.एच. १० हा क्रमांक मिळतो. यात घासाघीस होत नाही. पण या पैशाची सरकारी पावती असते. मोटारसायकलीच्या नोंदणीची मूळ फी ३०० रुपये आहे. गाडीवर कर्ज असेल, तर त्याची नोंद करायला आणखी ५०० रुपये लागतात. दुकानदाराने घेतलेला आकडा आणि पावतीवरचा आकडा जुळतो का, ते पाहा. जास्त घेतले असेल तर "हे वरचे कशाचे?" म्हणून विचारा.

तिसरी वाटणी : विमा. विमा उतरवलाच पाहिजे, तो कायदा आहे. नव्या दुचाकीला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासून आहे. या भागाचा दर सरकार ठरवते. म्हणून तो सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा. त्याचा दर कंपनीगणिक कमीजास्त असतो, आणि तो पाच वर्षांचा घेण्याची सक्ती नाही. "विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल," असे कोणी म्हणाले तर ते खरे नाही. विमा कोणत्या कंपनीचा घ्यायचा, हे गाडीच्या मालकाने ठरवायचे. बाहेरून एक भाव काढून आणला, की दुकानातला भावही पुष्कळदा खाली येतो.

चौथी वाटणी : दुकानदार. खरी मेख इथे आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण इथे आठवावी. सीट कव्हर, कोटिंग, वाढीव वॉरंटी या वस्तू वाईट नाहीत. कोणाला हव्या असतील तर त्याने जरूर घ्याव्यात. पण त्या न मागता कागदावर आल्या असतील, तर खोडायला सांगा. सीट कव्हर बाजारात कितीला मिळते, ते आधी विचारून या. हँडलिंग चार्ज हा सरकारचा कर नाही. तो द्यायला ठाम नकार द्यावा.

काही वस्तूंचे तर वेगळे पैसे द्यायचे कारणच नाही. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला पायरी, आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून अर्धे चाक झाकणारे संरक्षण, हे सर्व गाडीला असलेच पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ते लिहिले आहे. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो, ते यातच आले. दुचाकी विकताना कंपनीने आय.एस.आय. छापाचे हेल्मेट द्यावे, असेही त्याच नियमांत आहे. नंबरची पाटीही तशीच. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाडीला सुरक्षित नंबरपाटी कंपनीमार्फतच येते.

बोलावे कसे?

भांडायला जाऊ नये आणि लाजूही नये. पलूसचे एक जोडपे सांगलीला गाडी बघायला गेले आहे, असे धरू. बोलणे असे व्हावे.

"मामा, सगळे मिळून एक लाख नऊ हजार सातशे. आज पैसे भरा, उद्या गाडी न्या."

"सगळं मिळून नको. कागदावर फोड करून द्या."

दुकानातला मुलगा कागद देतो. कारभारीण एकेक ओळ बोट ठेवून वाचते. "अवो, ह्यात साडीगार्ड लिहिलंय. ते तर गाडीला असायलाच पायजे. त्याचं पैसं कशाला?"

"मावशी, ते सगळ्यांना लावतोच आम्ही."

"लावा की. पण पैसं लावू नका. आन् ह्ये हँडलिंग म्हंजे काय?"

"गाडी आणण्या-नेण्याचा खर्च."

"त्याची सरकारी पावती मिळंल का? नाही ना? मग तीही ओळ खोडा. कोटिंग नको, वॉरंटी नको. हेल्मेट मात्र द्या, ते नियमात हाय."

मुलगा आत जाऊन मालकाला विचारून येतो. "मामा, गार्ड तेवढा ठेवा. लोखंडी आहे, उपयोगी पडेल. आठशे रुपये."

"बरं, गार्ड राहू द्या. बाकीचं खोडून नवा कागद द्या. आम्ही कराडचा भावही काढलाय. उद्या सांगतो."

यात कोणी आवाज चढवला नाही. गार्ड हवा होता, तो घेतला. सहा हजार सातशे रुपये वाचले. "उद्या सांगतो" हे दोन शब्दही मोलाचे आहेत. निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार परत हाक मारतो.

हाती चार पत्ते ठेवा

पहिले, एकाच कंपनीच्या गाडीचे दोन-तीन ठिकाणचे कोटेशन आणा. पलूस, तासगाव, विटा, कराड, सांगली ही गावे आपल्याला दूर नाहीत.

दुसरे, पाडवा आणि दसऱ्याच्या दिवशी भाव करायला जाऊ नका. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मुहूर्त साधायचा असेल तर सौदा आठ-पंधरा दिवस आधी पक्का करा आणि गाडी मुहूर्तावर आणा. महिन्याच्या अखेरीला दुकानदाराला विक्रीचा आकडा गाठायचा असतो. तेव्हा तो थोडा नरम असतो.

तिसरे, गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या साली बनली ते विचारा. गेल्या वर्षी बनलेली गाडी या वर्षी घेत असाल, तर भाव उतरला पाहिजे. विकताना तिचे वय बनल्या सालापासून धरतात.

चौथे, जुनी गाडी बदलून द्यायची असेल, तर आधी नवीचा भाव ठरवा, मग जुनीचा. दोन्ही एकत्र केले की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

कर्जाची खाच

हप्त्याने गाडी घेणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. दुकानात विचारतात, "महिन्याला किती जमेल?" आपण म्हणतो, "दोन हजार." मग मुदत वाढवून हप्ता दोन हजारांत बसवतात. हप्ता लहान दिसतो, पण व्याज मोठे होते.

दुसरी खाच व्याजाच्या दरात असते. समजा ६०,००० रुपये कर्ज, ३ वर्षे, १० टक्के. सरळ दराने, म्हणजे फ्लॅट दराने, तिन्ही वर्षे पुऱ्या ६०,००० वर व्याज धरतात. व्याज होते १८,००० रुपये. घटत्या बाकीवर, म्हणजे जेवढे फेडायचे उरले तेवढ्यावरच व्याज धरले, तर ते सुमारे ९,७०० रुपये होते. तोंडाने दोन्हीकडे १० टक्केच. फरक मात्र आठ हजारांवर. सरळ १० टक्के म्हणजे घटत्या बाकीवर जवळजवळ १८ टक्के पडतात.

म्हणून विचारा, "दर सरळ की घटत्या बाकीवर?" रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने एक पत्रक द्यावे लागते. त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. खरा वार्षिक दर, सगळे आकार आणि हप्ते त्यात लिहिलेले असतात. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. मराठीत मागा. वाचून झाल्यावर सही करा. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका.

ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी

यंत्र आपल्या भागाला नवे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीला कारखाना उभा केला आणि तेथून लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या रानात गेले. आज त्या नांगराच्या जागी ट्रॅक्टर आहे. शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि ट्रॉली यांचे भाव वेगवेगळे लिहून घ्या. "सगळा संच" म्हणून एक आकडा घेऊ नका. सरकारी अनुदान हवे असेल, तर आधी महाडीबीटीवर अर्ज करा आणि पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करा.

अडवणूक झाली तर

"हे सामान घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही," असे म्हणणे बेकायदा आहे. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित ठरवली आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करता येतो. तेवढ्याने भागले नाही, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. मात्र तिथे तोंडी बोलणे चालत नाही, कागद लागतो. म्हणून कोटेशन, बिल, विम्याचा कागद, कराची पावती, सारे एका पिशवीत जपून ठेवा. आगाऊ दिलेल्या रकमेचीही पावती घ्या.

गाडी ताब्यात घेताना बिलावरचा चॅसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. नंबरपाटी लागल्याशिवाय गाडी घरी आणू नका. हे काम घरात ज्याला चांगले वाचता येते त्याला सांगा. तो मुलगा असो, सून असो की तुम्ही स्वतः.

वाचून झाल्यावर करून पाहा

१. वरच्या कोटेशनमधल्या कोणत्या ओळींवर घासाघीस होत नाही? त्या वहीत उतरवा.
२. तुमच्या घरी गाडी असेल, तर तिचे बिल काढा. चारही वाटण्या वेगळ्या करून बेरीज करा.
३. शेजारी कोणी यंदा गाडी काढणार असेल, तर हा धडा त्याला वाचून दाखवा.