काळ्या आईचे पांढरे पिल्लू

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, शरद ऋतूत सॅमन मासे समुद्रातून नद्यांत चढू लागले की काठावर काळी अस्वले जमतात. ग्रिबेल आणि प्रिन्सेस रॉयल या बेटांवर त्यांच्यात एखादे सायीसारखे पांढरे अस्वलही दिसते. हे ध्रुवीय अस्वल नव्हे. ते अल्बिनोही नव्हे, कारण त्याचे नाक आणि डोळे गडदच असतात. काळ्या अस्वलाच्या 'कर्मोडी' या उपजातीतले ते अस्वल असते. या उपजातीतली बहुतेक अस्वले मात्र काळीच असतात.

१९०५ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी ही वेगळी प्रजाती समजून तिला फ्रान्सिस कर्मोड यांचे नाव दिले. खरा उलगडा २००१ मध्ये झाला. केसांना काळा रंग देण्याची सूचना पेशीला पोहोचवणाऱ्या 'एमसी१आर' या जनुकात एकाच अक्षराचा बदल सापडला. माणसातही हेच जनुक असते. त्यातल्या काही वेगळ्या बदलांमुळे केस लाल होतात, त्वचा गोरी होते आणि उन्हाने लवकर भाजते.

अस्वलातला हा बदल अप्रभावी आहे. आई आणि वडील या दोघांकडून तो मिळाला तरच पिल्लू पांढरे होते. एकाकडूनच मिळाला, तर ते काळेच दिसते. पण 'वाहक' असते. असे दोन काळे वाहक एकत्र आले, तर प्रत्येक पिल्लू पांढरे असण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भात सिकलसेलची तपासणी करून घेतलेल्या कुटुंबांना हा हिशेब पाठ असतो. तिथेही वाहक धडधाकट दिसतो. रक्त तपासल्याशिवाय काही कळत नाही. फरक एवढाच, की पांढरा रंग हा आजार नाही. उलट दिवसा मासेमारीत पांढरी अस्वले काळ्यांपेक्षा अधिक यशस्वी ठरतात, असे संशोधकांना आढळले. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशापुढे पांढरा रंग कमी जाणवत असावा. रात्री हा फायदा उरत नाही.

पांढऱ्या अस्वलाच्या शिकारीला तिथे पूर्वीपासून बंदी होती. काळे अस्वल मारायला मात्र परवानगी होती. पण पांढऱ्या पिल्लांचे जनुक काळ्या अस्वलांतूनही पुढे जाते. शिकाऱ्याच्या गोळीला वाहक ओळखता येत नाही. त्यातच, हे जनुक पूर्वी वाटले होते त्याहून दुर्मीळ असल्याचे २०२० च्या अभ्यासातून पुढे आले. अखेर तिथल्या गिटगाट आणि किटासू हायहाइस या मूळनिवासी समाजांच्या पाठपुराव्यानंतर २०२२ मध्ये त्यांच्या प्रदेशातील बऱ्याच भागात काळ्या अस्वलाच्या शिकारीवरही बंदी आली.

पांढरे अस्वल वाचवायचे, तर आधी काळे वाचवावे लागते. आनुवंशिकतेत डोळ्यांना दिसते त्यापेक्षा न दिसणारेच पुष्कळ असते.