काट्याला काय कळतं?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांचं रूप पालटतं. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज, आष्टी अशा तालुक्यांतून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या जोडलेल्या. ट्रॉलीत धान्याची पोती, भांडी, अंथरुणं, कोपी उभारायचे बांबू आणि ताडपत्री, कडेला बांधलेली शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली बायामाणसं, लेकरं. पुढचे पाच-सहा महिने फडाच्या कडेला जो संसार मांडायचा, तो अख्खा चाकांवर चाललेला असतो.

हा संसार ओढणाऱ्या इंजिनाची खबर द्यायला ड्रायव्हरसमोर एक इवलासा काटा असतो. एका बाजूला हिरवी पट्टी, दुसऱ्या बाजूला लाल. बोनेटखालच्या लोखंडाच्या पोटात काय चाललंय, हे डॅशबोर्डवरच्या या काट्याला कळतं तरी कसं?

आधी त्या पोटातच डोकावू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला इतकं दाबतो, की नुसत्या दाबानं ती 500 अंशांच्या वर तापते. तिच्यात डिझेलचा फवारा पडला की भडका! क्षणभर तिथल्या वायूंचं तापमान 2000 अंशांपलीकडे जातं. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये असा भडका सेकंदाला 16-17 वेळा उडतो. आणि ज्या पिस्टनच्या डोक्यावर तो उडतो, तो बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम तर 660 अंशांनाच वितळतं!

मग पिस्टन वितळून का जात नाही? कारण भडका क्षणभराचा असतो, आणि धातूत शिरलेली उष्णता ऑइल आणि पाणी सतत वाहून नेत असतात. जळलेल्या डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकं फिरवतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून निघून जातो, आणि उरलेल्यातला मोठा वाटा पाण्याच्या गळ्यात पडतो.

हा वाटा किती, याचा हिशेब करून पाहा. पूर्ण भार ओढणाऱ्या इंजिनानं पाण्याला 25 किलोवॅट उष्णता दिली आणि आत 10 लिटर पाणी आहे असं धरा. हे पाणी निववणाऱ्या रेडिएटरनं काम थांबवलं, तर 80 अंशांवरचं ते पाणी उकळायला नुसत्या पाण्याच्या हिशेबानं फक्त अर्धं मिनिट पुरेल. अर्धं मिनिट! म्हणजे पूर्ण भार ओढणारं धडधाकट इंजिनही उकळण्यापासून इतक्याच अंतरावर असतं, आणि तरी दिवसभर उकळत नाही.

आता धारूरच्या घाटाकडे चला. माजलगावच्या बाजूचा सखल मुलूख सोडून रस्ता इथे बालाघाटाच्या पठारावर चढतो. भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढताना इंजिन पूर्ण ताकद लावतं, म्हणजे उष्णता सर्वात जास्त. वेग मात्र पायी चालल्यासारखा, म्हणजे रेडिएटरला समोरून वारं जवळजवळ नाहीच. सगळी मदार पंख्यावर. मागून वारा सुटला असेल, तर तोही पंख्याच्या विरोधात. गाडी नेमकी घाटातच का तापते, याचं हे उत्तर.

यावर इंजिनात दोन पहारेकरी बसवलेले असतात, आणि दोघांनाही वीज लागत नाही. पहिला थर्मोस्टॅट वॉल्व्ह. त्याच्या पोटात मेण असतं, ठरावीक तापमानाला वितळेल असं निवडलेलं. इंजिन थंड असताना वॉल्व्ह बंद राहतो आणि पाणी इंजिनातच फिरून लवकर तापतं. साधारण 80 अंशांच्या आसपास मेण वितळतं, वितळताना फुगतं, आणि त्या फुगण्याच्या जोरावर रेडिएटरची वाट उघडते. पाणी निवलं की मेण गोठतं आणि वाट पुन्हा बंद. वॉल्व्ह सतावतो म्हणून काढून फेकणारे पुष्कळ आहेत. पण सतत थंड चालणारं इंजिन डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

दुसरा पहारेकरी रेडिएटरचं झाकण. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या थोडं वरच उकळतं. पण झाकणानं 0.9 बार जादा दाब धरून ठेवला, की तेच पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. घरातल्या कुकरचीच ही करामत. फक्त इथे अन्न शिजवण्याऐवजी इंजिन वाचवलं जातं.

आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडणं जीवघेणं ठरतं. आत 115 अंशांचं 10 लिटर पाणी आहे. झाकण फिरवलं, दाब गेला, आणि त्या क्षणी पाणी उकळबिंदूच्या कितीतरी वर सापडतं. त्यातलं जेमतेम 300 ग्रॅम पाणी तत्क्षणी वाफ होतं. पण 300 ग्रॅम पाण्याची वाफ होते तब्बल 500 लिटर! ती उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन सरळ तोंडावर येते.

आता काट्याकडे येऊ. जुन्या ट्रॅक्टरांत त्याची खबर आणायला तारही नसायची. इंजिनाच्या हेडमध्ये धातूची बंद कुपी, तिच्यात ईथरसारखा लवकर वाफ होणारा द्रव, आणि तिथून डॅशबोर्डपर्यंत आलेली केसासारखी बारीक नळी. पाणी तापलं की कुपीतल्या वाफेचा दाब वाढतो. तो नळीतून घड्याळाच्या, म्हणजे काट्याच्या डायलच्या, मागे पोचतो. तिथे एक चपटी, वाकवलेली नळी असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काट्याला ढकलते. अशा नळीचं पेटंट युजेन बोर्दाँ या फ्रेंच कारागिरानं 1849 मध्ये घेतलं. मोटारगाडीचा जन्मही तेव्हा व्हायचा होता!

नंतर आला विजेवरचा सेन्सर. धातूची तार तापली की तिच्यातून वीज जास्त अडते. पण मायकेल फॅरेडेला 1833 मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये उलटंच दिसलं: तापवलं की वीज अधिक सहज वाहते. मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडांतही हाच गुण आहे, आणि सेन्सरमधला चिमुकला मणी त्यांचाच बनतो. पाणी तापलं की मण्यातून जास्त वीज जाते. कित्येक जुन्या घड्याळांत ही वीज दोन धातू चिकटवून केलेल्या पट्टीभोवतीची तार तापवते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि काटा सरकतो. म्हणजे उष्णतेची खबर पोचवायला पुन्हा उष्णताच कामाला लावलेली!

पण या साऱ्या करामतीत एक मेख आहे. काट्याला इंजिन कळत नाही, काट्याला फक्त पाणी कळतं. होज फुटून पाणी वाहून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो, हवेत राहतो. हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही. तेव्हा इंजिन भाजून निघत असतं आणि काटा खाली येऊ शकतो. चढावर असताना काटा एकाएकी खाली आला, तर ती सुटकेची नाही, धोक्याची खूण समजायची.

पाणी कोणतं, हेही तितकंच महत्त्वाचं. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी क्षारांचं. किटलीच्या तळाशी बसतो तो पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतो, आणि तांब्याच्या मानानं तो उष्णता अगदीच कमी जाऊ देतो. रस्ता तोच, भार तोच, आणि दर हंगामात गाडी थोडी आधी तापायला लागते ती यामुळे.

तेव्हा यंदा ट्रॉली भरण्याआधी चार गोष्टी कराच. इंजिन गार असताना पाण्याची पातळी बघा, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट घाला, फॅन बेल्ट आणि होज हातानं तपासा, रेडिएटरच्या जाळीतला पालापाचोळा काढा. घाटात काटा लाल पट्टीकडे निघाला तर खालचा गिअर टाका, सुरक्षित जागा बघून थांबा, चाकांना दगड लावा. आत पाणी असेल तर इंजिन काही मिनिटं संथ चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहील. पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. आणि इंजिन गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. वीस-तीस मिनिटं उशीर झाला तरी कारखाना जागेवरच असतो. मागच्या ट्रॉलीत माणसं बसलेली आहेत.