काचेवरचा ठिपका

‘‘अरे, तो ठिपका हलत का नाही?’’

अप्पांनी हे इतक्या शांतपणे विचारलं, की मला आधी वाटलं विंडशील्डवर चिकटलेल्या किड्याबद्दल बोलताहेत. आम्ही साडेचार हजार फुटांवर होतो. खाली कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या बदामाच्या बागा, समोर पश्चिमेला कललेलं ऊन, आणि मी मान खाली घालून एका स्क्रीनशी झटापट करत होतो.

गेल्या सप्टेंबरमधली ही गोष्ट. आई-अप्पा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. माझं प्रायव्हेट पायलटचं लायसन्स झाल्यानंतर ते पहिल्यांदाच येत होते, त्यामुळे मुलाच्या विमानात बसायचं हे ठरलेलंच होतं. आईने ‘आधी तुम्ही जाऊन या, मग बघू’ असा सुज्ञ निर्णय घेतला. लिव्हरमोरच्या छोट्या विमानतळावरून क्लबचं चार सीटचं सेसना १७२ भाड्याने घेतलं, अप्पांना उजवीकडे बसवलं, आल्टामाँट पासच्या पवनचक्क्या ओलांडून ट्रेसीच्या पुढे एक चक्कर मारली आणि परत फिरलो.

त्या दिवशी माझी चूक झाली ती विमानात बसायच्याही आधी. विमान चालवताना वापरायचा माझा नंबरचा गॉगल घरी राहिला. साधा चष्मा डोळ्यांवर होताच, पण परतताना सूर्य समोर येणार होता. म्हणून गाडीत ठेवलेला दुसरा गॉगल घेतला. त्यालाही माझाच नंबर. फरक एवढाच, की तो पोलराइज्ड होता.

हा फरक काय करतो ते सांगतो, कारण गाडी चालवताना तो वरदान असतो. ओल्या रस्त्यावरून किंवा पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा एकाच आडव्या दिशेत कंप पावत असतो. पोलराइज्ड काच नेमका तोच अडवते, म्हणून झगझग कमी होते. पण विमानातले आजचे स्क्रीन एलसीडी असतात आणि त्यांच्यावरही पोलरायझरचा थर असतो. दोन थर एकमेकांना आडवे आले की स्क्रीन काळा पडतो. मी मान थोडी तिरकी केली आणि समोरचा स्क्रीन विझत चालल्यासारखा झाला. सरळ केली, परत आला. कारण मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. तरी त्या क्षणी पहिला विचार आला तो ‘डिस्प्ले गेला की काय’ हाच. सॉफ्टवेअरवाल्याची खोड! मी ब्राइटनेसचं बटण शोधायला लागलो. किती वेळ गेला? दहा सेकंद, कदाचित पंधरा.

तेवढ्यात अप्पांचा तो प्रश्न.

मी वर बघितलं. उजवीकडे, घड्याळाच्या दोनच्या दिशेला, धुरकट आभाळात काहीच दिसेना. सप्टेंबरात तिथे बदामाची सुगी असते. यंत्रं झाडं गदागदा हलवतात, खाली पडलेले बदाम झाडून गोळा करतात, आणि सगळी धूळ हवेत. अप्पांनी बोट काचेला टेकवलं. ‘‘हे बघ की. मगाशी चमकलं पण होतं.’’ मी गॉगल कपाळावर सरकवला, तर नंबरही गेला आणि सगळंच पुसट झालं. परत लावला, डोळे बारीक केले, आणि मग दिसलं: खाली पंख असलेलं पांढरं छोटं विमान, आमच्याच उंचीवर, आमच्याच दिशेने.

उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची हा आकाशातलाही नियम आहे. मी विमान उजवीकडे वळवलं आणि त्याच्या मागून गेलो. अंतर अर्धा किलोमीटर असेल-नसेल. त्याला आम्ही दिसलो होतो की नाही, देव जाणे. आसपासची विमानं दाखवणाऱ्या स्क्रीनवर ते नव्हतंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या विमानतळापासून इतक्या लांब आणि इतक्या कमी उंचीवर आपली जागा सांगणारं ते यंत्र बसवणं सगळ्यांना सक्तीचं नाही.

‘‘तुम्हाला कधी दिसलं?’’ मी विचारलं.

‘‘झाली की थोडी सेकंदं. मला वाटलं, तू बघितलं असशील.’’

हे वाक्य मला अजून टोचतं. प्रवाशाला पट्टा कसा बांधायचा, दार कसं उघडायचं, सगळं मी समजावलं होतं. ‘विमान दिसलं तर लगेच बोला, मला दिसलं असेल असं धरून चालू नका’ एवढं मात्र सांगितलं नव्हतं. आणि ज्यांना सांगायचं राहिलं, ते अप्पा एसटीचे ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं.

आता थोडं मागे जातो. मला चष्मा लागला चौथीत. फळ्यावरची गणितं शेजारच्या पोराच्या वहीतून उतरवायचो, ते बाईंच्या लक्षात आलं. तोवर मी सगळ्यांना सांगत असे, की मी फायटर पायलट होणार. चष्मा घेऊन दुकानातून बाहेर पडताना एका काकांनी गंमतीत म्हटलं, ‘‘झालं, आता विमान विसर!’’ त्यांनी सहज म्हटलं, मी ते धरून बसलो. लढाऊ विमानांसाठी डोळ्यांचे निकष फार कडक असतात हे खरं, पण नागरी उड्डाणाचं तसं नाही; भारतातसुद्धा चष्मा लावणारे पायलट प्रवासी विमानं चालवतात. हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, इकडे आलो, नंबर उणे साडेचारवर जाऊन थांबला.

तिशी ओलांडल्यावर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या डोळ्यांवर जाड भिंगं आणि खिशात पायलटचं लायसन्स दिसलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेत प्रायव्हेट पायलटला सहसा लागणारं तिसऱ्या वर्गाचं मेडिकल सर्टिफिकेट घ्यायचं, तर लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसणं प्रत्येक डोळ्याने २०/४० हवं, चष्म्यासह चालतं. २०/४० म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ६/१२. ते फुटांत मोजतात, आपण मीटरमध्ये. विमान कंपनीत कॅप्टन व्हायचं तर लांबचं २०/२० लागतं, तेही चष्म्यासह चालतं. डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला, ठिपक्यांमधले रंगीत आकडे ओळखायला लावले, आणि सर्टिफिकेटवर एक अट छापून दिली: दृष्टी सुधारणारी भिंगं लावूनच विमान चालवायचं. पंचवीस वर्षं जपलेल्या समजुतीचा निकाल अर्ध्या तासात लागला.

रंगांच्या चाचणीचं कारण मला नंतर कळलं. रेडिओ बंद पडला, तर टॉवरमधून दिव्याच्या झोताने खूण करतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल, तर इथे नुसता चष्मा कामाचा नाही.

डोळे तक्ता वाचू शकतात म्हणजे ते आकाश वाचू शकतात, असं मात्र नाही. माझे इन्स्ट्रक्टर साठी उलटलेले गृहस्थ. पहिल्याच धड्याला त्यांनी माझा चष्मा काढून घेतला आणि उन्हात धरून बघितला. काड्या रुंद होत्या. म्हणाले, दुसरा आण, बारीक तारेच्या काड्यांचा. एक तर जाड काडीमुळे हेडसेट कानावर नीट बसत नाही आणि इंजिनाचा आवाज आत शिरतो. दुसरं, आपल्या प्रत्येक डोळ्यात एक आंधळा बिंदू असतो, जिथून नस मेंदूकडे जाते. एरवी एका डोळ्याची ती उणीव दुसरा डोळा भरून काढतो. पण चष्म्याची जाड फ्रेम किंवा विंडशील्डचा खांब त्या दुसऱ्या डोळ्याच्या आड आला, तर तेवढ्या जागेतलं अख्खं विमान गायब होऊ शकतं. माझ्या त्या दिवशीच्या गॉगलच्या काड्या दोन बोटं रुंद होत्या, हे वेगळं सांगायला नकोच.

फोटोक्रोमिक काचांवरही त्यांनी फुली मारली. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या या काचा अतिनील किरणांवर चालतात, आणि विमानाच्या विंडशील्डमधून ते फारसे आत येत नाहीत. म्हणजे हव्या तेव्हा नीट काळ्या होत नाहीत, आणि झाल्या तर ढगाखाली आल्यावर लवकर निवळत नाहीत. पोलराइज्डवर नियमाने बंदी नाही, पण विमान वाहतूक खात्याचा, म्हणजे एफएएचा सल्ला आहे की वापरू नका. स्क्रीनचं कारण वर आलंच. दुसरं कारण मला अप्पांनी दाखवून दिलं: दूरच्या विमानाच्या पत्र्यावरून, काचेवरून जो लखकन प्रकाश येतो, तोही ही काच दाबून टाकते. अप्पांच्या डोळ्यांवर काहीच नव्हतं. त्यांना चमकलेलं दिसलं.

कॉन्टॅक्ट लेन्सचीही एक तऱ्हा आहे. चाळिशीनंतर काही जण एका डोळ्यात लांबची आणि दुसऱ्यात जवळची लेन्स लावतात. दुकानात मेनू कार्डही वाचता येतं आणि पाटीही. १९ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर पावसात उतरणारं एक एमडी-८८ विमान धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांच्या सांगाड्याला धडकलं. पाण्यावरून येताना कॅप्टनचा उंचीचा आणि अंतराचा अंदाज चुकला, आणि अशा लेन्समुळे तो त्यांना सावरता आला नाही, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला. विमानातले ६३ जण वाचले. अशा लेन्स लावून विमान चालवायला परवानगी नाही.

आता तो न हलणारा ठिपका. दोन विमानं एकमेकांवर आदळायच्या मार्गावर असतील, तर समोरचं विमान काचेवर एकाच जागी दिसतं. सरकत नाही, फक्त मोठं होत जातं, आणि तेही अगदी शेवटी. आपली नजर मात्र हलणाऱ्या गोष्टीकडे जाते. म्हणजे ज्याची भीती नाही ते लगेच दिसतं, आणि ज्याची आहे ते दिसत नाही! त्यात निरभ्र किंवा धुरकट आभाळात बघण्यासारखं काही नसलं, की डोळे सैलावतात आणि आपोआप दहा ते तीस फुटांवर फोकस करून बसतात. आपण लांब बघतोय असं फक्त वाटत असतं. म्हणून शिकवतात, की आभाळाचे दहा-दहा अंशांचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद नजर थांबवा, मग पुढे.

आणि वेळ किती असतो? वस्तू दिसणं, ती विमान आहे हे कळणं, ती आपल्यावर येतेय हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि विमान वळणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद धरतात. ताशी दोनशे किलोमीटरने दोन विमानं समोरासमोर आली, तर तेवढ्यात मधलं अंतर सुमारे १४०० मीटरने कमी होतं. तेवढ्या लांबून सेसनाचे अकरा मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राएवढेही रुंद दिसत नाहीत. आमची भेट समोरासमोर नव्हती, तिरकी होती, म्हणून थोडा जास्त वेळ मिळाला. मी त्यातला बराचसा ब्राइटनेसच्या बटणावर घालवला होता.

उतरल्यावर विमान दोरांनी बांधताना अप्पांना विचारलं, तुम्हाला कसं काय दिसलं? त्यांनी काही दहा अंश वगैरे सांगितलं नाही. म्हणाले, ‘‘काचेतून बघायची सवय. एका जागी बघत बसलं की झोप येते आणि बैल आडवा येतो.’’ मग जरा थांबून, ‘‘आणि डोळे नवीन आहेत माझे.’’

तेही खरंच. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं समोरच्या गाड्यांचे दिवे त्यांना फुटल्यासारखे दिसायला लागले होते. मोतीबिंदूची सुरुवात होती. कोणी तपासायच्या आत त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं, की मला रात्रीची गाडी देऊ नका. रात्रीचा भत्ता गेला, घरी कुरबुर झाली. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो, माझी फी भरायची होती. नंतर मिरजेत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आत लांबचं दिसणारी भिंगं बसली. आता पेपर वाचायला चष्मा लागतो, पण मैलभरावरचं विमान दिसतं.

रात्रीच्या उड्डाणाला बसताना मला त्यांची ती दोन वर्षं आठवतात. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि फोनचा स्क्रीन एकदा उजळला की ती कमाई क्षणात जाते. अंधारात डोळ्याचा मधला भाग जवळजवळ आंधळा असतो, म्हणून दिव्याकडे थेट न बघता थोडं बाजूला बघावं लागतं. पाच हजार फुटांच्या वर हवा विरळ झाली की रात्रीची नजर आणखी मंदावते. मला आता दिव्यांभोवती किंचित वलयं दिसायला लागली आहेत. नंबर तपासून येईपर्यंत मी रात्रीचं विमान घेत नाहीये.

आता माझ्या बॅगेत तीन डबे असतात: साधा चष्मा, तसाच एक जादा, आणि राखाडी काचेचा बिनपोलराइज्ड गॉगल, बारीक काड्यांचा. बॅगेत डबे दिसले नाहीत, तर विमानाची किल्ली घेत नाही. गाडीतला तो गॉगल बायकोने वाढदिवसाला दिलेला, त्यामुळे तो गाडीतच राहील.

आईला काही सांगायचं नाही, असं आमचं घरी येताना ठरलं होतं. रात्री जेवताना अप्पांनीच सगळं सांगून टाकलं, वर स्वतःचा भाग जरा वाढवून. आईने ऐकून घेतलं, आमटी वाढली आणि म्हणाली, ‘‘पुढच्या रविवारी मी पण येते. दोघांच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही.’’

आली. मागच्या सीटवर बसली आणि उड्डाणाआधी मी दिलेली सूचना तिने फारच मनावर घेतली. पन्नास मिनिटांत तिने मला दोन विमानं, एक हेलिकॉप्टर, तीन घारी आणि लिव्हरमोरच्या धावपट्टीजवळ कुणीतरी उडवलेला पतंग दाखवला. पतंग मला दिसला नव्हता.