काट्यामागची तार

मित्रांनो, ज्येष्ठ महिन्यात संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते. पल्ला लांबचा आणि ऊन खानदेशातलं! उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. वारकरी चालत असतात आणि त्यांच्यासोबत सामानाच्या, पाण्याच्या गाड्याही चालत असतात. हो, चालतच! माणसाच्या पावलानं.

गंमत अशी, की गाडीला पळण्यापेक्षा असं रेंगाळणंच जड जातं. महामार्गावर वेगात असताना समोरून भरपूर वारा येतो आणि रेडिएटरमधलं पाणी थंड होतं. गाडी रेंगाळली, की वारा नाही. सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन तापू लागतं.

कितीतरी गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता एक लाल दिवा असतो. तो लागेपर्यंत इंजिन बरंच तापलेलं असतं. म्हणून अनेक चालककाका बाजारातून वेगळं मीटर आणून डॅशबोर्डवर बसवून घेतात. कुणी पाण्याच्या तापमानाचं, कुणी ऑइलच्या दाबाचं, तर कुणी बॅटरीच्या व्होल्टचं.

तुम्ही म्हणाल, "दोन-तीन तारा तर जोडायच्या! त्यात काय एवढं?" थांबा. गाडी वाचवायला आणलेलं मीटरच गाडीला आग लावू शकतं. कसं, ते पाहू या.

१२ व्होल्टला काय घाबरायचं?

गाडीच्या बॅटरीत साधारण २.१ व्होल्टचे ६ कप्पे असतात. म्हणजे झाले १२.६ व्होल्ट. एवढ्यानं सहसा झटका बसत नाही. म्हणूनच लोक बेफिकीर राहतात. पण इथं धोका झटक्याचा नाही, उष्णतेचा आहे.

जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम तुम्ही शाळेत शिकलात ना? व्होल्टला रोधानं भागलं, की विद्युतप्रवाह मिळतो. मीटरमधला ३ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर फक्त पाव अँपिअर प्रवाह घेतो. त्याला बारीक तार पुरते. पण समजा, धक्के खाऊन त्या तारेचं प्लॅस्टिक घासलं आणि आतलं तांबं गाडीच्या पत्र्याला टेकलं. गाडीचा पत्रा बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेला असतो. आता वाटेत दिवा नाही, मीटर नाही, नुसती २ मीटर तार. तिचा रोध एक ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी. चांगली बॅटरी तिच्यातून शंभराहून अधिक अँपिअर सोडू शकते! तार काही क्षणांत लालबुंद होते, प्लॅस्टिक पेटतं, शेजारच्या ताराही पेट घेतात.

शहाणा फ्यूज

हे टाळतो तो फ्यूज. त्यात मुद्दाम एक नाजूक पट्टी ठेवलेली असते. प्रवाह वाढला, की ती आधी वितळते आणि वाट बंद होते. स्वतः जळून घर वाचवणारा हा पहारेकरी! थॉमस एडिसन यांनी १८९० साली अशाच एका फ्यूजचं पेटंट घेतलं होतं.

पहारेकरी उभा कुठं करायचा? दाराशी. म्हणजे बॅटरीपासून जितका जवळ शक्य होईल तितका. फ्यूज मीटरजवळ लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी तार उघड्यावर पडली. ती मध्येच पत्र्याला टेकली, तर फ्यूजला पत्ताच लागणार नाही.

आणि फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. तार जितका प्रवाह सोसते, त्याहून फ्यूज मोठा नको. एका दिव्याच्या मीटरला २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुष्कळ झाला. पात्याच्या फ्यूजचे रंगही ठरलेले आहेत : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

चांगला वायरमन कसा ओळखाल?

गाडीचं काम चाललं असेल, तर शेजारी उभे राहून एवढं पाहा.

१. तो किल्ली काढतो आणि बॅटरीची उणे तार आधी सोडवतो. का? उणे टोक सोडताना पाना पत्र्याला लागला, तरी काही होत नाही, कारण दोन्ही एकच आहेत. अधिक टोक आधी सोडताना तोच पाना पत्र्याला लागला, तर ठिणग्यांचा फवारा! बॅटरीतून हायड्रोजन वायूही निघतो, तो ठिणगीनं पेटतो. जोडताना क्रम उलटा, उणे टोक शेवटी. हातातली अंगठी आणि कडं काढलेलंच बरं.

२. इंजिनकडून आत येणारी तार तो पत्र्याच्या भोकातून तशीच ओढत नाही. भोकाला आधी रबरी कडं बसवतो. गरम सायलेन्सरपासून तार दूर ठेवतो.

३. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळत नाही. टोकाला लग दाबून बसवतो. अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडतो, नाहीतर काटा उगाच नाचतो.

४. मीटर किल्लीवर चालू-बंद होईल असं जोडतो. नाहीतर तो पाव अँपिअरचा दिवा दोन दिवसांत १२ अँपिअर-तास खाऊन बसेल.

५. अँमीटरऐवजी व्होल्टमीटर सुचवतो. अँमीटर बसवायचा, तर चार्जिंगचा सगळा प्रवाह जाड तारेनं डॅशबोर्डपर्यंत आणावा लागतो. व्होल्टमीटरला नखभर प्रवाह पुरतो आणि कामही होतं. इंजिन चालू असताना काटा १४ च्या आसपास असेल, तर बॅटरी चार्ज होते आहे. १२ कडे घसरला, तर अल्टरनेटर तपासायला हवा.

नव्या गाड्यांत एअरबॅगच्या तारा असतात, बहुधा पिवळ्या वेष्टनातल्या. त्यांना कुणीही हात लावायचा नाही. भलत्या जोडणीनं कंपनीची हमीही जाऊ शकते.

तुमचं काम

दोस्तांनो, हे काम तुम्ही एकट्यानं करायचं नाही. पण डोळे तर तुमचेच आहेत! बाबांना सांगून, किल्ली काढून, गाडीचा फ्यूज-बॉक्स उघडून पाहा. एक फ्यूज उजेडाकडं धरा आणि आतली पट्टी शोधा. आणि काटा लाल पट्टीकडं सरकताना दिसला, तर ओरडून सांगा, "काका, गाडी बाजूला घ्या!" इंजिन बंद करा. मात्र रेडिएटरचं झाकण लगेच उघडू देऊ नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून तोंड भाजतं. इंजिन पूर्ण निवू द्या.

आता एक कोडं. मीटरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय. कुणीतरी म्हणतं, "अरे भो, त्यावर चंदेरी कागद गुंडाळ, नाहीतर तांब्याचा धागा टाक. काम भागतं!" तुम्ही काय सांगाल?

बरोबर! पहारेकरी ओरडत असेल, तर त्याचं तोंड बांधायचं नसतं. चोर कुठं आहे, ते शोधायचं असतं.