सिलिकॉनमध्ये ध्वनी धरून ठेवताना

अर्धवाहक चिपमधून जाणाऱ्या प्रकाशाला वळवणे, त्याची वारंवारता किंचित सरकवणे किंवा त्याला क्षणभर थोपवणे ही कामे सामान्यतः वीज किंवा उष्णता यांच्यावर सोपवली जातात. तीच कामे ध्वनीकडून करून घेणारी उपकरणे मात्र अद्याप बहुतांशी प्रयोगशाळांतच आहेत. येथे ध्वनी म्हणजे सेकंदाला अब्जावधी वेळा कंप पावत घन पदार्थातून पुढे सरकणारी ताणाची लहर. ही लहर पदार्थाला जेथे दाबते तेथे त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्या पदार्थात किती पटीने मंदावतो हे सांगणारी संख्या, थोडा बदलतो आणि जेथे ती पदार्थाला ताणते तेथे तो उलट दिशेने बदलतो. हा फरक सहसा हजारात एका भागाहूनही कमी असतो. परंतु असे असंख्य पट्टे समान अंतराने एकामागून एक येत असल्यामुळे प्रत्येक पट्ट्याकडून विचलित होणारा अल्पसा प्रकाश एकमेकांत मिळत जातो आणि त्यांची बेरीज प्रकाशाची वाट बदलण्याइतकी मोठी होते.

या सामर्थ्याचे मूळ ध्वनीच्या मंद गतीत आहे. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर ध्वनी सेकंदाला सुमारे २,९०० मीटर वेगाने जातो, तर त्याच स्फटिकात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ८५,००० किलोमीटर असतो. म्हणजे तीन मिलिमीटरचे जे अंतर प्रकाश साधारण ३५ पिकोसेकंदांत तोडतो त्यासाठी ध्वनीला एक पूर्ण मायक्रोसेकंद लागतो. गती मंद असल्याने तरंगलांबीही आखूड असते. एक गिगाहर्ट्झ वारंवारतेची रेडिओलहर हवेत ३० सेंटीमीटर लांब असते, त्याच वारंवारतेची ध्वनिलहर या स्फटिकावर जेमतेम तीन मायक्रोमीटर भरते आणि अशा रीतीने प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाला येऊन पोहोचते. विजेच्या वारंवारतेने कंप पावणारी आणि तरीही प्रकाशाच्या मापाची अशी पट्ट्यांची जाळी ध्वनीशिवाय क्वचितच मिळते.

या विद्येचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिऑन ब्रिलुआँ यांनी १९२२ मध्ये ध्वनिलहरींवरून प्रकाश कसा विखुरला जाईल याचे गणित मांडले आणि १९३२ मध्ये अमेरिकेत डिबाय व सीअर्स यांनी, तर फ्रान्समध्ये ल्यूका व बिकार यांनी द्रवातील श्राव्यातीत ध्वनीमुळे प्रकाशाचे अनेक किरणांत विभाजन होताना प्रत्यक्ष पाहिले. त्या किरणांची तीव्रता एकसारखी का नसते आणि ध्वनी वाढवला की ती कधी वाढते, कधी घटते, हे असे का, या प्रश्नांचे समाधानकारक उत्तर बंगळूरहून आले. चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे तरुण सहकारी नागेंद्र नाथ यांनी १९३५ आणि १९३६ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत असे दाखवले की ध्वनी प्रकाशाच्या लहरीचा सपाट माथा नागमोडी करतो आणि त्या एका गोष्टीतून सर्व किरणांची तीव्रता काढता येते. पातळ ध्वनिस्तंभातून होणाऱ्या या विवर्तनाला आजही रामन–नाथ विवर्तन असेच म्हणतात.

चिपवर ध्वनी निर्माण करण्याचे साधन १९६५ मध्ये अमेरिकेत व्हाइट आणि वोल्टमर यांनी दिले. दाबविद्युत स्फटिकावर, म्हणजे विजेचा दाब दिला की आकार बदलणाऱ्या स्फटिकावर, धातूच्या दोन फण्या एकमेकींच्या दातांत दात घालून बसवाव्यात आणि त्यांना उलटसुलट होणारी वीज द्यावी, की पृष्ठभागावर लहर उठते. दातांमधील अंतर त्या लहरीची तरंगलांबी ठरवते. याच रचनेवर आधारलेले गाळक आज मोबाइल फोनमध्ये रेडिओसंकेत निवडण्याचे काम करतात, त्यामुळे चिपमध्ये ध्वनी निर्माण करणे ही गोष्ट उद्योगाला अपरिचित नाही. म्युनिकमधील शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये गॅलियम आर्सेनाइडवरील अशा लहरीचा एक विलक्षण उपयोग दाखवला. प्रकाश शोषला गेल्यावर निर्माण झालेले इलेक्ट्रॉन आणि त्यांनी मागे सोडलेल्या धनभारित रिक्त जागा यांना लहरीच्या विद्युतक्षेत्राने एकमेकांपासून अलग केले, ध्वनीच्या वेगाने पुढे वाहून नेले आणि ते क्षेत्र मुद्दाम झाकले तेव्हा दूरच्या ठिकाणी ते पुन्हा एकत्र येऊन त्यांतून प्रकाश बाहेर पडला. ज्या जोड्या एरवी नॅनोसेकंदांच्या मापाच्या काळात विरून जातात त्या तेथे मायक्रोसेकंदांपर्यंत टिकल्या.

गॅलियम आर्सेनाइड हा स्वभावतःच दाबविद्युत आहे. जगातील बहुतेक चिप ज्यापासून बनतात तो सिलिकॉन तसा नाही. त्याच्या स्फटिकातील अणूंची मांडणी सममित असल्यामुळे विजेने त्याच्यात थेट ध्वनिलहर उठवता येत नाही. या अडचणीवर ॲल्युमिनियम नायट्राइडसारख्या दाबविद्युत पदार्थाचा थर चढवून किंवा प्रकाशाकडूनच ध्वनी निर्माण करवून मार्ग काढता येतो. किंचित वेगळ्या वारंवारतांचे दोन किरण एकाच वाटेने धाडले तर त्यांच्या ठोक्यांचा दाब पदार्थाला कंपित करतो आणि ते कंपन उलट एका किरणातील ऊर्जा दुसऱ्यात घालते. यालाच उत्तेजित ब्रिलुआँ विकिरण म्हणतात. खरी हट्टी अडचण याहून खोल आहे. सिलिकॉनची प्रकाशवाहक तार सहसा काचेच्या, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडच्या, थरावर बसवलेली असते. लहर आपल्या भोवतालापेक्षा जेथे मंद चालते तेथेच कोंडून राहते, हा नियम प्रकाशाला आणि ध्वनीला सारखाच लागू आहे. सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.५ आणि काचेचा सुमारे १.४५ असल्याने प्रकाश सिलिकॉनमध्ये मंद चालतो आणि तेथेच राहतो. ध्वनीचे मात्र नेमके उलट आहे: ताठ सिलिकॉनमध्ये तो सेकंदाला सुमारे ८,४०० मीटर धावतो, काचेत सुमारे ६,००० मीटर, त्यामुळे तो सिलिकॉनमध्ये टिकत नाही आणि खालच्या काचेत झिरपून जातो. जो पदार्थ प्रकाश उत्तम धरतो तोच ध्वनी सोडून देतो आणि दोघांची भेट होण्याआधीच एक निघून गेलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे तारेखालची काच काढून टाकणे. येल विद्यापीठात पीटर राकिच यांच्या गटाने प्रकाशमार्ग हवेत टांगलेल्या पातळ पडद्यावर उभारले. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या गटाने आम्लाने काच कोरून काढत सुमारे ४५० नॅनोमीटर रुंदीची सिलिकॉनची तार अवघ्या १५ नॅनोमीटर जाडीच्या काचेच्या भिंतीवर उभी ठेवली, जेणेकरून तार पडू नये आणि ध्वनीला खाली उतरायला जागाही राहू नये. हे कौशल्य पाहून आदर वाटल्यावाचून राहत नाही. येलच्या गटाने २०१६ मध्ये सिलिकॉनमध्ये ध्वनीच्या साहाय्याने प्रकाशाचे भरीव प्रवर्धन साधले आणि २०१८ मध्ये याच तत्त्वावर सिलिकॉनचा लेसर चालवून दाखवला. अर्थात त्याला बाहेरून दुसऱ्या लेसरचा प्रकाश पुरवावा लागतो. त्याच वर्षी या गटाने ध्वनीच्या वाहण्याला दिशा असते याचा आधार घेऊन जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रकाशाला वेगवेगळी वागणूक देणारा मार्गही चुंबकाशिवाय तयार केला.

तरीही या यशांतून कारखान्यात बनणारे उपकरण आपोआप निघत नाही आणि चिंतेचे कारण त्याच टांगलेल्या तारेत आहे. तारेचे कंपन तिच्या रुंदीने ठरते. ४५० नॅनोमीटर रुंदीच्या तारेत ते सुमारे ९.२ गिगाहर्ट्झवर येते, म्हणून रुंदीत एका नॅनोमीटरचा फरक पडला तरी वारंवारता जवळपास २० मेगाहर्ट्झने सरकते, तर कंपनाची स्वतःची रेषा सुमारे ३० मेगाहर्ट्झच रुंद असते. याचा अर्थ असा की काही सेंटीमीटर लांबीच्या मार्गावर काही मोजक्या अणूंच्या जाडीइतकी अनियमितता राहिली तर तारेचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या सुरांत कंप पावतात आणि लांबी वाढवून मिळायला हवा तो लाभ हातातून निसटतो. प्रकाशाची शक्ती वाढवून ही उणीव भरून काढावी तर सिलिकॉन दुसरीकडून अडवतो: दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या १,५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे दोन फोटॉन एकत्र शोषले जाऊन मुक्त इलेक्ट्रॉन तयार होतात, ते आणखी प्रकाश गिळतात, त्यातून उष्णता निर्माण होते आणि खालची काच काढून टाकल्यामुळे त्या उष्णतेला बाहेर पडण्याची वाटही अरुंद झालेली असते. ध्वनी कोंडण्यासाठी घेतलेली काळजीच अशा रीतीने उष्णता कोंडते.

दाबविद्युत थराचा मार्ग घेतला तर विजेची किती शक्ती खरोखर उपयोगी ध्वनीत उतरते हा प्रश्न उभा राहतो, शिवाय फण्यांचे दात ज्या वारंवारतेसाठी कोरले त्या अरुंद पट्ट्यातच उपकरण काम करते. वारंवारता वाढवत नेली की स्फटिकाच्या उष्ण कंपनांत ध्वनी अधिकाधिक लवकर विरतो. सिडनी विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये प्रकाशातील माहिती ध्वनीच्या रूपात चिपवर साठवून पुन्हा प्रकाशात आणली, परंतु हा साठा नॅनोसेकंदांच्या मापाचाच होता, कारण ध्वनीचे आयुष्यच तेवढे होते. त्या प्रयोगातला पदार्थ कॅल्कोजेनाइड, म्हणजे गंधकयुक्त मृदू काच, होता. या काचेत प्रकाश आणि ध्वनी दोन्ही मंद चालत असल्याने दोन्ही एकत्र कोंडले जातात आणि काहीही टांगावे लागत नाही. मात्र सिलिकॉनच्या रुळलेल्या उत्पादनसाखळीत हा पदार्थ सहज बसत नाही. दाबविद्युत असलेल्या लिथियम नायोबेटच्या पातळ थरांपुढेही उत्पादनाचा हाच प्रश्न आहे.

रामन आणि नाथ यांच्या काळी ध्वनी प्रकाशाला वळवतो कसा, हे समजून घ्यायचे होते, आणि ते काम पूर्ण झाले आहे. आता प्रश्न ध्वनीला घर देण्याचा आहे: ज्या चिपवर प्रकाश, वीज आणि उष्णता यांची सोय आधीच लावलेली आहे तेथे, तारेला हवेत न टांगता आणि नॅनोमीटरचीही चूक न होऊ देता, ध्वनी धरून ठेवायचा आहे. या क्षेत्राची प्रगती विक्रमी प्रवर्धनाच्या आकड्यांवरून मोजली जाते, परंतु तिची खरी कसोटी एकाच तबकडीवरच्या हजार तारा एकाच सुरात कंप पावतात की नाही यावर लागणार आहे, आणि त्यासाठी लागणारी चिकाटी गौरवास पात्र असली तरी तिचे फळ लवकर मिळेल असे मानणे त्या कारागिरांवरच अन्याय करणारे ठरेल.